रिकामे ताट परत जात नाही



या पानावर मी एरवी तुमच्याशी हरभऱ्यावरची घाटेअळी, गव्हाचे पाणी आणि कपाशीची वेचणी यांबद्दल बोलतो. आज मात्र चुलीजवळ बसून बोलणार आहे. विषय आहे फराळाचा. ‘दिवाळी होऊन महिना उलटला, आता साहेबांना फराळ कुठून आठवला?’ असे घरातल्या बाया म्हणतील. पण आपल्या वऱ्हाडात अशीही कास्तकार घरे आहेत, की ज्यांची कढई डिसेंबरातच चुलीवर चढते. त्यांचा सण नाताळचा. अशाच एका घरातली गेल्या वर्षीची हकिकत मला तुम्हाला सांगायची आहे. ते घर ख्रिस्ती आहे, पण त्यातून घ्यायचा धडा सगळ्यांच्याच घरचा आहे.

बार्शीटाकळी तालुक्यातले गाव. घरात तरुण नवराबायको आणि मुलाची आई. साडेचार एकर कोरडवाहू आणि विहिरीखाली एकर-दीड एकर. मुलगा बारावी शिकून शेतीला लागलेला. सून नगरकडची, तीही शेतकऱ्याचीच मुलगी. (नगर म्हणजे आताचे अहिल्यानगर.) लग्नाला दोन वर्षे झालेली.

डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या तुरीत शेंगा पोखरणारी अळी किती आहे ते पाहायला गेलो होतो. झाडे हलवून खाली अळ्या मोजल्या, पक्षिथांबे लावायला सांगितले आणि चहाला घरी आलो. घरात शांतता होती. कारण मला माहीत होते. ऑगस्टात मुलाचे वडील वारले होते. त्यानंतर काढणीला आलेले सोयाबीन पावसात सापडले, दाणे काळे पडले आणि भाव मिळाला नाही. आई ओसरीवर भिंतीला टेकून बसलेल्या. पूर्वी मी गेलो की चार प्रश्न विचारायच्या, त्या दिवशी नुसती मान हलवली.

मुलगा म्हणाला, “साहेब, औंदा नाताळ साधाच करतो जी. अकोल्याला प्रार्थनेला जाऊन येऊ, झालं. फराळाचं काही जमत नाही.”

मी म्हटले, “बरोबर आहे. दुःखाचे वर्ष आहे, लोक समजून घेतील.”

तेव्हा सून आतून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, “साहेब, लोक समजून घेतील, पण ताटांचं काय करायचं?”

मला समजले नाही. तिने आत नेऊन फळीवर रचून ठेवलेली ताटे दाखवली. स्टीलची, पितळेची, काही नावे घातलेली. एकूण २२. दिवाळीला गावातल्या २२ घरांतून त्यांच्याकडे फराळ आला होता. दरवर्षीच यायचा, पण गेल्या वर्षी घरात माणूस गेलेले म्हणून प्रत्येकाने ताटात दोन घास जास्तच घातले होते. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. ज्या घरात दुःख झाले त्या घरी पहिल्या सणाला तळण होत नाही, शेजारीपाजारी आणून देतात. आता ती २२ ताटे फळीवर होती, आणि रिकामे ताट परत पाठवायचे नसते हीदेखील आपलीच रीत. या घरात ती ताटे नाताळला भरून परत जातात. ईदेला आलेल्या शिरखुर्म्याचे भांडेसुद्धा याच वेळी परत जाते.

ही रीत त्या घरात कुठून आली तेही ऐकून घ्या. १८९९-१९०० सालचा मोठा दुष्काळ वऱ्हाडाने पाहिला आहे. त्यात हजारो माणसे मेली, हजारो मुले पोरकी झाली. त्या काळात मिशनच्या लोकांनी ठिकठिकाणी अनाथ मुलांना आसरा दिला. या मुलाचे पणजोबा त्यांतलेच एक पोर. घरात सांगतात, की मिशनकडे पोहोचेपर्यंत कुणा अनोळखी माणसांनी दिलेल्या मूठमूठ दाण्यांवर तो जगला. मोठा झाल्यावर त्याने नेम केला, की नाताळला पहिले ताट अशा घरी जाईल, ज्या घरी त्या वर्षी काही करण्याची ताकद नाही. आपण खाणार ते त्यानंतर. चार पिढ्या तो नेम चालला. यंदा ताकद नसलेले घर हेच होते.

बंधूंनो, मी हिशेबी माणूस. रडणाऱ्याला काय सांगावे ते मला फारसे कळत नाही, पण कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करता येतो. तोच केला. सुनेला विचारले, “दरवर्षी ताटात काय काय असायचे?” तिने मोजले : अनारसे, करंज्या, शेव, चकल्या, चिवडा, शंकरपाळे, रव्याचे लाडू, तिळाचे लाडू आणि केकचा तुकडा. नऊ जिन्नस. मी म्हटले, “नऊचे पाच करा. ताट लहान करा, पण बंद करू नका.” मग घरात काय आहे ते पाहिले. गहू घरचा. मागच्या रब्बीचा हरभरा घरचा, म्हणजे बेसन घरचे. बांधाजवळ टाकलेले तीळ पाच-सहा किलो निघाले होते. दूध एका म्हशीचे. विहिरीजवळ संत्र्याची चार झाडे, आंबिया बहाराची फळे झाडावर होती. विकत काय लागणार? तांदूळ एक किलो, गूळ तीन किलो, तेल तीन किलो, सुके खोबरे अर्धा किलो, थोडी वेलची आणि केकसाठी बेकिंग पावडरची लहान डबी. खसखस महाग, म्हणून अनारशाला तीळ लावायचे ठरवले. बाजारातून २२ घरांसाठी मिठाई आणली असती तर जो खर्च आला असता, त्याच्या पाव हिश्शात हे बसत होते.

मुलगा म्हणाला, “पण साहेब, करणार कोण? अनारसे आईच करायची. तिला आता विचारायची हिंमत होत नाही.”

खरी अडचण पैशाची नव्हतीच. ती इथे होती.

हाताचे माप

सून बिचारी अनारसे कधी शिकलेली नव्हती. तिच्या माहेरी नाताळला पिठाचा, तुपाचा आणि साखरेचा डबा घेऊन बेकरीत जायचे आणि नानकटाई भाजून आणायची. पत्र्याचे डबे डोक्यावर घेऊन रांगेत उभे राहायचे, त्यातच अर्धा सण. इकडे सासूबाईंच्या हातचे अनारसे गावात नावाजलेले, पण त्यांचे माप कुठेच लिहिलेले नाही. विचारले तर म्हणायच्या, “अंदाजानं घालायचा गूळ. हाताला कळते.” आता हाताला कळते ते वहीत कसे उतरवायचे?

इथे मी माझी स्वतःची गोष्ट सांगतो. माझी आई सांजोऱ्या करायची. आत रव्याचा सांजा, वर खुसखुशीत पारी. तशी सांजोरी मी नंतर कुठेच खाल्ली नाही. मी कृषी पदवीधर. एकरी किती बियाणे, हेक्टरी किती नत्र, किती स्फुरद, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण आईला एकदाही विचारले नाही, की बाई, तू त्यात काय किती घालतेस. ती गेली आणि माप तिच्याबरोबर गेले. माझ्या पत्नीने पुष्कळदा करून पाहिल्या. चांगल्या होतात, पण त्या तिच्या होतात, आईच्या होत नाहीत.

म्हणून मी त्या सुनेला सांगितले, “आम्ही माती परीक्षणाला शेतातून नमुना घेतो ना, तसा तू आईंच्या हाताचा नमुना घे. त्या मूठभर म्हणाल्या तर ती मूठ काट्यावर टाक. वाटीभर म्हणाल्या तर वाटी मोज. आणि लगेच वहीत लिही.” तिने मान डोलावली. पण आई उठून चुलीपाशी येतील तेव्हा ना!

१२ डिसेंबरला त्या दोघांनी स्वतःच्याच अकलेने तांदूळ भिजत घातले. नवऱ्याने रोज सकाळी पाणी बदलले. चौथ्या दिवशी तांदूळ पंच्यावर पसरले, कुटले, चाळले. गूळ मिसळला आणि पीठ डब्यात दाबून ठेवले. आई हे सगळे ओसरीवरून पाहत होत्या, बोलत नव्हत्या. २२ तारखेला कढई चढली. पहिला अनारसा तुपात पडला आणि हसला. ज्या बहिणींनी अनारसे केले आहेत त्यांना सांगायला नकोच. ज्या बंधूंनी नुसते खाल्ले आहेत त्यांच्यासाठी सांगतो : अनारसा तुपात पडताच फुटून विरघळू लागला, म्हणजे तो ‘हसला’ असे म्हणतात. तो हसतो आणि करणारीला रडू येते. दुसराही हसला, तिसराही हसला. सून पदराने डोळे पुसत होती आणि नवरा झारा हातात धरून नुसता उभा होता.

तेवढ्यात मागून आवाज आला, “गूळ जास्त झाला, बाई. सरक तिकडे.”

आई चुलीपाशी येऊन बसल्या होत्या. ऑगस्टानंतर पहिल्यांदा.

त्यांनी पीठ बोटाने दाबून पाहिले, बाजूला काढून ठेवलेल्या कोरड्या तांदळाच्या पिठातले दोन मुठी घातले, मळले आणि तळहाताएवढा अनारसा थापला. चौथा अनारसा जाळीदार निघाला. सुनेने डोळे पुसले आणि पहिली गोष्ट कोणती केली असेल? दोन मुठींएवढेच पीठ पुन्हा घेऊन काट्यावर टाकले आणि आकडा वहीत लिहिला. हे मला मुलाने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितले तेव्हा मला माझी सगळी नोकरी सार्थकी लागल्यासारखे वाटले.

आता करण्याची रीत

ती वही मी नंतर मागून घेतली आणि सुनेच्या परवानगीने इथे देत आहे. यंदा करायचे असतील तर याच आठवड्यात तयारीला लागा.

अनारसे : जुना तांदूळ १ किलो. तीन दिवस भिजवावा, पाणी रोज बदलावे, नाहीतर वास येतो. चौथ्या दिवशी उपसून सावलीत कापडावर पसरावा. अगदी कोरडा होऊ देऊ नये, हाताला ओलसर लागला पाहिजे. मग कुटून बारीक चाळणीने चाळावा. यातले वाटीभर पीठ बाजूला ठेवावे, ते हसणाऱ्या अनारशाचे औषध. उरलेले पीठ तोलून, एक किलो पिठाला पाऊण किलो मऊ गूळ किसून मिसळावा. दोन चमचे तूप घालून मळावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. थंडीत पीठ मुरायला सात-आठ दिवस लागतात. तळताना तीळ किंवा खसखस लावलेली बाजू वर ठेवावी, अनारसा उलटू नये, झाऱ्याने वरून तूप उडवावे आणि आच मंद ठेवावी. हसला तर कोरडे पीठ घालावे. कडक झाला तर पिठात चमचाभर दूध किंवा पिकल्या केळ्याचा लहानसा तुकडा मळावा. तळल्यावर चाळणीत उभे करून ठेवावे म्हणजे तूप निथळते. एक किलो तांदळात लहान आकाराचे साठेक अनारसे होतात.

संत्र्याच्या सालीची मिठाई : ही सुनेची स्वतःची युक्ती. विकतचे रंगीत तुकडे आणण्याऐवजी घरची साल वापरली. अलीकडे फवारणी झालेल्या झाडाची साल घेऊ नये. फळे चांगली धुवावीत. चार संत्र्यांच्या सालींचे बारीक काप करून पाण्यात उकळावेत आणि ते पाणी फेकावे. असे तीनदा केले की कडूपणा जातो. मग सालीच्या वजनाइतकी साखर आणि थोडे पाणी घालून पाक आटेपर्यंत शिजवावे, ताटात पसरून वाळवावे. महिनाभर टिकते.

गव्हाच्या पिठाचा केक : गव्हाचे पीठ २ वाट्या, किसलेला गूळ १ वाटी, तेल अर्धी वाटी, दही अर्धी वाटी, दूध पाऊण ते एक वाटी, बेकिंग पावडर १ चहाचा चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा, सुंठ आणि वेलची चवीपुरती, वरची संत्र्याची साल आणि भाजलेले शेंगदाणे मूठभर. पीठ, सोडा आणि पावडर दोनदा चाळून घ्यावे. गूळ थोड्या कोमट पाण्यात विरघळवून गाळून थंड करावा. गरम गुळात दूध घातले तर नासते, हे विसरू नये. पाणी जितके घातले तितके दूध कमी करावे. सगळे एकत्र करून फार न घोटता तूप लावलेल्या डब्यात अर्ध्यापर्यंत ओतावे. जाड कढईत दोन बोटे वाळू किंवा जाडे मीठ घालून, वर झाकण ठेवून दहा मिनिटे तापवावे. आत तिवई ठेवून तिच्यावर डबा ठेवावा आणि मंद आचेवर पाऊण तास झाकून ठेवावे. मधूनमधून झाकण उघडू नये. गव्हाची स्वच्छ काडी टोचून पाहावी, कोरडी निघाली की केक झाला. दह्याचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की वायू तयार होतो आणि त्याने केक फुगतो. म्हणून मिश्रण करून ठेवून गप्पा मारत बसू नये, लगेच चुलीवर चढवावे.

तळणाबद्दल एक सूचना. एकदा तळलेले तेल गाळून भाजीला लवकर वापरून टाकावे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवून काळे, चिकट झाले की ते फेकून द्यावे. तेवढ्या तेलाच्या लोभाने घरातल्यांचे पोट बिघडवू नये. फराळ पूर्ण थंड झाल्याशिवाय डब्यात भरू नये, वाफ धरली की शेव मऊ पडते आणि लाडवांना बुरशी येते.

जे घरी आहे त्यात सण

आता कुणी म्हणेल, की करंजी-अनारसे हा तर आपला दिवाळीचा फराळ, तो नाताळला कसा? भगिनींनो, सण कुणाचाही असो, तो शेवटी त्या मुलखात पिकते त्यावरच साजरा होतो. गोव्यात नाताळला नेवऱ्या करतात. नेवरी म्हणजे आपली करंजीच. त्यांच्याकडे भात आणि नारळ, म्हणून तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ आटवून दोदोल होतो. नारळाच्या दुधाचाच थरावर थर भाजून बेबिंका होते. मैद्याच्या गोळ्या काट्या-चमच्यावर किंवा नव्या कंगव्यावर वळून कुलकुल करतात आणि या वळण्याला अख्खे घर बसते. ही ताटेही शेजाऱ्यांकडे जातात. केरळात तलश्शेरीला १८८३ साली मांबळ्ळी बापू नावाच्या बेकरीवाल्याने एका इंग्रज मळेवाल्याच्या सांगण्यावरून नाताळचा केक केला, तो आपल्या देशातला पहिला नाताळचा केक म्हणतात. त्यानेही त्यात तिथलाच माल वापरला असे सांगतात. तेव्हा वऱ्हाडातल्या सुनेने गहू, गूळ, तीळ आणि संत्र्याची साल वापरली यात कमीपणा काहीच नाही.

शिवाय हा सण मुळातच शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगिजांच्या भाषेतून आपल्याकडे आला, त्याचा अर्थ जन्म. येशूचा जन्म झाला ते गाव बेथलेहेम, आणि त्या नावाचा अर्थ हिब्रू भाषेत ‘भाकरीचे घर’. बाळाला ठेवले कुठे, तर गव्हाणीत. गव्हाण म्हणजे काय ते शहरातल्या मुलांना चित्र काढून सांगावे लागते, आपल्या मुलांना नाही. आणि पहिली बातमी कळली ती रानात रात्री मेंढरे राखत बसलेल्या मेंढपाळांना. गव्हाणीचा देखावा मांडण्याची रीतही जुनी. इटलीत ग्रेच्चो गावी १२२३ साली संत फ्रान्सिसने खरी गव्हाण, खरे गवत, बैल आणि गाढव उभे करून तो देखावा केला होता.

या घरातला देखावा मी पाहिला. कुठलीही विकतची वस्तू नव्हती. पऱ्हाट्यांचा गोठा, वर कडब्याचे छप्पर, मातीची गुरे मुलाने बैलपोळ्याला करतात तशीच केलेली. दारावर कामट्यांची आणि पतंगी कागदाची चांदणी. दिवाळीचा आकाशकंदील करणाऱ्या हातांना चांदणी करायला किती वेळ लागतो? रात्री अकोल्याकडून त्यांचे नातेवाईक आले, तेव्हा पेटी आणि ढोलकीवर भजने झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांच्या फुलांच्या आणि मुलांच्या कविता आपण शाळेत शिकलो, त्यांनी ख्रिस्ती मंडळींसाठी अभंगाच्या चालीवर पुष्कळ भजने लिहिली. टिळक १९१९ साली वारले, पण भजने अजून गायली जातात. आणि मराठी ओवीत येशूची कथा सांगणारे फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ तर १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. म्हणजे ही मंडळी आपल्या भाषेला आणि आपल्या सुराला परकी नाहीत. ओसरीवर बसून ऐकताना गावातल्या भजनी मंडळाचे दोघे टाळ घेऊन त्यांच्यात कधी मिसळले ते कळलेही नाही.

तेविसावे ताट

२४ तारखेला दुपारी ताटे भरली. प्रत्येकात दोन अनारसे, दोन करंज्या, मूठभर शेव, दोन तिळाचे लाडू आणि केकचा एक तुकडा. मुलाने शेव पाडायला सोऱ्या स्वतः धरला होता, दंडात गोळे आले म्हणून तक्रार करत होता. ती तक्रार ऐकून शेजारच्या बाया हसल्या. पण मी म्हणतो, हसू नका, आपल्या घरातल्या पुरुषाच्याही हातात सोऱ्या द्या. तळणाच्या चार दिवसांत बाईची कंबर धरते, आणि पीठ मळायला, तांदूळ कुटायला, सोऱ्या दाबायला जोर लागतो. जो नांगर धरतो त्याला हे जड नाही.

२२ ताटे झाकून ओळीने ठेवली. तेव्हा आई उठल्या, घरातले एक ताट पुसून पुढे केले आणि म्हणाल्या, “हे एक भरा अजून.”

सुनेने मोजून सांगितले, “आई, बावीस झाली.”

आई म्हणाल्या, “आलेली बावीस. एका घरातून आलं नाही. थे पहिलं जाईल.”

गावातल्या एका घरी दिवाळीच्या चार दिवस आधी कर्ता मुलगा अपघातात गेला होता. त्या घरातून कुठेच काही जाणार नव्हते आणि इतरांच्या सांत्वनाच्या गर्दीत या घरालाही त्यांची आठवण राहिली नव्हती. आईंना होती. पणजोबांचा नेम होता, ज्या घरी करण्याची ताकद नाही तिथे पहिले ताट. चार महिने त्या स्वतःच ते ताकद नसलेले घर होऊन बसल्या होत्या. त्या दुपारी डोक्यावर पदर घेऊन, सुनेला बरोबर घेऊन, तेविसावे ताट त्या स्वतः देऊन आल्या. त्या घरची आई आणि या आई दारातच बराच वेळ बसल्या. काय बोलल्या ते सुनेने मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

एवढीच हकिकत. तिच्यात मोठे काही घडले नाही. सोयाबीनचा भाव वाढला नाही, गेलेला माणूस परत आला नाही. कर्जाचा हप्ता होता तेवढाच राहिला. पण एक घर पुन्हा उठून उभे राहिले, आणि त्यासाठी लागले काय, तर एक किलो तांदूळ, तीन किलो गूळ आणि तीन हसलेले अनारसे.

या आठवड्यात माझे तुम्हाला तीनच सांगणे आहे.

पहिले : तुमच्या घरात आई, आजी, सासू असतील त्यांच्या हातचा जो एक पदार्थ गावात नावाजलेला आहे, तो त्यांच्याजवळ बसून करा. मूठ, चिमूट, वाटी जे म्हणतील ते काट्यावर तोला आणि वहीत लिहा. खताच्या पावत्या जपून ठेवता, तशी ही वही जपा. आज नको, पुढच्या वर्षी बघू, असे मी म्हणत राहिलो होतो. माझ्या घरी सांजोरीची वही नाही.

दुसरे : वर्ष वाईट गेले तर ताट लहान करा, नऊ जिन्नसांचे पाच करा, पाचाचे दोन करा, नुसते दोन तिळाचे लाडू ठेवा. पण देणे-घेणे बंद करू नका. उसनवारी करून मोठे ताट भरू नका, आणि लाजेने रिकामे ठेवूनही घेऊ नका. घरात पिकलेल्या जिन्नसाची लाज कास्तकाराने धरायची नसते.

तिसरे : या महिन्यात तुमच्या गावातल्या ख्रिस्ती शेजाऱ्याचे ताट तुमच्या दारी आले तर दोन्ही हातांनी घ्या. आणि ते घासून फळीवर ठेवताना लक्षात असू द्या, की संक्रांत तीन आठवड्यांवर आहे. तिळगुळाशिवाय ते परत जाता कामा नये.

यंदा मी त्या घराच्या तुरीत पुन्हा जाऊन आलो. शेंगा चांगल्या धरल्या आहेत. फळीवर दिवाळीची ताटे पुन्हा रचलेली दिसली. मोजली नाहीत. आई दारातच भेटल्या आणि म्हणाल्या, “साहेब, तांदूळ औंदा दोन किलो आणलेत जी.”

पुढच्या आठवड्यात हरभऱ्याच्या घाटेअळीवर बोलू. तोवर रामराम, आणि ज्यांच्या घरी सण आहे त्यांना नाताळच्या शुभेच्छा.